खोक्याच्या आत कोणती डिस्क

२०११ साली थायलंडमध्ये पावसाळा लांबला आणि चाओ फ्राया नदीचे खोरे महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिले. ऑक्टोबरात पूर बँकॉकच्या उत्तरेला, अयुथ्या प्रांतातल्या बांग पा-इन औद्योगिक वसाहतीत शिरला. तिथे वेस्टर्न डिजिटलचा हार्ड डिस्क बनवणारा मोठा कारखाना होता. चकत्या फिरवणाऱ्या इवल्या मोटारी पुरवणाऱ्या निडेक कंपनीचे कारखानेही याच टापूत होते. जगातल्या हार्ड डिस्कचा फार मोठा हिस्सा तेव्हा थायलंडमध्ये तयार होत असे. यंत्रे गाळात रुतली आणि काही आठवड्यांत सुट्या डिस्कच्या किमती जगभर दुपटी-तिपटीने चढल्या.

कॅलिफोर्नियातल्या बॅकब्लेझ या लहानशा कंपनीवर तर आभाळच कोसळले. २००७ साली सुरू झालेली ही कंपनी महिना ५ डॉलरमध्ये लोकांच्या संगणकाचा अमर्याद बॅकअप इंटरनेटवरून घेत असे. गिऱ्हाइकांचा डेटा रोज वाढत होता, तो ठेवायला रोज नव्या डिस्क लागत होत्या आणि दर वाढवायची सोय नव्हती. तेव्हा कंपनीतल्या लोकांच्या एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. ३ टीबीची सुटी डिस्क महाग झाली होती, पण मोठ्या दुकानांच्या मांडण्यांवर प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवलेली, यूएसबीने जोडायची ३ टीबीची एक्स्टर्नल डिस्क अजून बरीच स्वस्त होती. आत डिस्क तीच! कर्मचारी, त्यांचे मित्र आणि नातेवाईक गाड्या घेऊन कॉस्टको आणि बेस्ट बायच्या दुकानांतून हिंडू लागले. एका गिऱ्हाइकाला दोनच नग मिळतील, अशा पाट्या लागल्या, तेव्हा आणखी लांबच्या दुकानांकडे मोर्चा वळला. कार्यालयात खोक्यांचे ढीग पडले. प्लॅस्टिकचे कवच उचकटायचे, आतली डिस्क काढायची आणि ४५ डिस्क मावणाऱ्या लाल पेटीत बसवायची, असे कित्येक महिने चालले. या प्रकाराला इंग्रजीत ‘शकिंग’ म्हणतात, म्हणजे डिस्क सोलून काढणे.

हजारो अनोळखी कुटुंबांचे फोटो आणि कागदपत्रे बाजारात मिळणाऱ्या साध्या एक्स्टर्नल डिस्कवर ठेवणे कंपनीला चालले. मग दुप्पट पैसे मोजून डेटा सेंटरसाठी म्हणून विकली जाणारी, ‘एन्टरप्राइज’ असा शिक्का असलेली डिस्क कोणी का घ्यावी? आणि घरातला २० वर्षांचा फोटोंचा साठा ठेवायला एखाद्याने दोन्हींपैकी काय निवडावे? दुकानदाराचे उत्तर त्याच्याकडे शिल्लक असलेल्या मालावर ठरते. म्हणून खोक्याच्या आत काय असते, हे स्वतःच समजून घेतलेले बरे.

एक्स्टर्नल डिस्क म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू दोन अगदी वेगळ्या जातींच्या आहेत. पहिली जात खिशात मावणारी, अडीच इंची. तिला वेगळी वीज लागत नाही, यूएसबीच्या केबलमधून येणाऱ्या ५ व्होल्टवर ती चालते. बरीच वर्षे तिची क्षमता ५ टीबीवर अडकलेली होती, २०२४ मध्ये ६ टीबीची मॉडेले आली. दुसरी जात टेबलावर ठेवायची, साडेतीन इंची, भिंतीतल्या प्लगला अडॅप्टर लावून १२ व्होल्टवर चालणारी. हिच्यात २० टीबी आणि त्याहून जास्तही मावते. दोघींच्या खोक्यावर ‘एक्स्टर्नल’ हाच शब्द असला, तरी आतले पोट निराळे.

खिशातल्या डिस्कचा मोठा शत्रू म्हणजे फरशी. चालू डिस्कमध्ये चकती मिनिटाला हजारो वेळा फिरत असते आणि तिच्यावरचे हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. हे अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी आहे. चालू असताना टेबलावरून पडलेली डिस्क वाचली, तर ते नशीब. दुसरी अडचण फारशी कोणाला माहीत नसते. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या मूळ सर्किटवरच जोडलेला असतो, संगणकाच्या आतल्या डिस्कना असतो तो नेहमीचा साटा सांधा आत नसतोच. सॉकेट सैल झाला की खोके उघडून डिस्क दुसऱ्या संगणकाला लावू, ही सोय उरत नाही. काम थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाते आणि त्याचे बिल डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट येते.

टेबलावरच्या मोठ्या डिस्कचे तसे नसते. तिच्या आत बहुधा पूर्ण आकाराची, साटा सांध्याची डिस्क असते आणि तिच्यापुढे साटाचे यूएसबी करणारा एक छोटा सर्किट बोर्ड. याला ब्रिज म्हणतात. ८ टीबीच्या पुढच्या खोक्यांतून अनेकांनी पांढऱ्या लेबलच्या डिस्क बाहेर काढल्या आहेत आणि त्यांची घडण त्याच कंपनीच्या एन्टरप्राइज डिस्कशी नात्यातली असल्याचे दिसले आहे. कारखाना तोच, चकत्या तशाच. फर्मवेअर, फिरण्याचा वेग, तपासणीची पातळी आणि वॉरंटी मात्र वेगळी असू शकते. शिवाय आज ज्या मॉडेलच्या आत एक डिस्क निघते, त्याच मॉडेलच्या पुढच्या खेपेत दुसरी निघू शकते. खोक्यावर फक्त टीबी आणि यूएसबीचा वेग छापलेला असतो. आत काय भरायचे, याचे स्वातंत्र्य उत्पादकाने स्वतःकडे राखून ठेवलेले असते. स्वस्ताईची एक किंमत ही आहे.

सोलून काढलेल्या डिस्कचे आणखी दोन फटके लोकांना बसतात. काही डिस्कमध्ये वीज-सांध्याच्या तिसऱ्या पिनला नवे काम दिलेले असते. तिथे ३.३ व्होल्ट आले, तर डिस्क त्याला ‘बंद राहा’ असा आदेश समजते. जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतोच, त्यामुळे धडधाकट डिस्क मेल्यासारखी पडून राहते. त्या पिनवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी चिकटवली की डिस्क चालू होते. दुसरा फटका अधिक गंभीर आहे. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक मालिकेतल्या अनेक मॉडेलांमध्ये ब्रिज सगळा डेटा कूटबद्ध करूनच चकतीवर लिहितो, वापरणाऱ्याने पासवर्ड लावलेला नसला तरीही. ब्रिज जळाला, म्हणून आतली डिस्क काढून संगणकाला जोडली, तर तिच्यावर वाचता येण्यासारखे काही दिसत नाही. सोलायचीच असेल, तर डिस्क रिकामी असताना सोलावी.

आता दुसरी बाजू. ‘एन्टरप्राइज’ या शिक्क्याचे पैसे नेमके कशाचे?

पहिली गोष्ट कामाचा बोजा. उत्पादक प्रत्येक जातीच्या डिस्कला वर्षभरात किती डेटा वाचावा-लिहावा, याची एक मर्यादा देतात. साध्या डेस्कटॉप डिस्कला ती साधारण ५५ टीबी असते, घरच्या नॅस पेटीसाठी, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठ्याच्या पेटीसाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कला १८० टीबी आणि एन्टरप्राइज डिस्कला ५५० टीबी. भागाकार करून पाहिला, तर ५५० टीबी म्हणजे दिवसाला दीड टीबी आणि ५५ टीबी म्हणजे दिवसाला १५० जीबी. ज्या घरात आठवड्यातून एकदा फोनमधले फोटो उतरवून घेतले जातात, तिथे साधी मर्यादाही गाठली जात नाही. लग्नाचे व्हिडिओ संपादन करणाऱ्याच्या किंवा चोवीस तास सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्याच्या घरात हिशोब बदलतो.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. डेटा सेंटरमध्ये एकाच पेटीत डझनावारी डिस्क फिरत असतात आणि प्रत्येकीची थरथर दुसरीच्या हेडला हलवते. एन्टरप्राइज डिस्कमध्ये ही थरथर ओळखणारे सेन्सर असतात, ते हेडला वेळच्या वेळी सावरतात. कपाटात एकट्या पडलेल्या डिस्कला या सेन्सरचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी सांगितली जाते, पण निवडीत तिचे वजन मोठे आहे. चकतीवरचा एखादा भाग नीट वाचता आला नाही, तर साधी डिस्क तिथे पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, प्रसंगी मिनिट-दोन मिनिटे. एन्टरप्राइज आणि नॅस डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि ‘वाचता आले नाही’ असे कळवून टाकते. रेडमध्ये म्हणजे अनेक डिस्कच्या गटात हे शहाणपणाचे आहे, कारण तोच डेटा दुसऱ्या डिस्कवरून मिळतो. उलट एखादी डिस्क फार वेळ गप्प राहिली, तर कंट्रोलर तिला मेलेली समजून गटाबाहेर काढतो. पण घरात एकुलती एक प्रत असेल, तर ७ सेकंदांत सोडून देणारी डिस्क काय कामाची? तिथे शेवटपर्यंत झगडणारी डिस्क बरी. म्हणजे महाग डिस्कचा एक गुण एकट्या डिस्कच्या घरात निरुपयोगी ठरतो, क्वचित उलटाही पडतो.

एन्टरप्राइज डिस्कमध्ये हेलियमची भर २०१३ साली पडली. एचजीएसटी कंपनीने त्या वर्षी ६ टीबीची, हवाबंद, हेलियम भरलेली डिस्क बाजारात आणली. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्शाएवढी, त्यामुळे चकत्यांना अडथळा कमी होतो, थरथर घटते, वीज वाचते आणि जिथे पाच चकत्या मावत तिथे सात बसतात. आजच्या मोठ्या क्षमतेच्या डिस्क, एन्टरप्राइज असोत वा टेबलावरच्या खोक्यातल्या, बहुतांशी हेलियमच्याच असतात. या वायूशी कोकणाचे नाते आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाने हेलियमच्या शोधाची वाट उघडली. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण रोखून बसला होता आणि सूर्याच्या प्रकाशातली ती अनोळखी पिवळी रेघ एका नव्या मूलद्रव्याची आहे, असे पुढे इंग्लंडमध्ये लॉकियरने म्हटले. त्या ग्रहणाच्या निरीक्षणाशी सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्याचेही नाव स्थानिक परंपरेत जोडलेले आहे. तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो.

एन्टरप्राइज डिस्कच्या माहितीपत्रकावर एक आकडा ठळक असतो: दोन बिघाडांमधला सरासरी काळ २५ लाख तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ही डिस्क २८५ वर्षे चालणार? अर्थात नाही. या आकड्याचा अर्थ एवढाच की अशा १,००० डिस्क वर्षभर चालवल्या, तर त्यांतल्या साडेतीनच्या आसपास निकामी व्हाव्यात. तेही पहिल्या काही वर्षांत, कंपनीने गृहीत धरलेल्या तापमानात आणि बोजात.

प्रत्यक्षात काय होते, ते २००७ मध्ये दोन अभ्यासांनी एकाच परिषदेत मांडले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी मोठ्या संगणक केंद्रांतल्या सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. हा गिब्सन म्हणजे १९८८ मध्ये रेडची कल्पना मांडणाऱ्या शोधनिबंधाचा एक लेखक. माहितीपत्रकांतल्या आकड्यांवरून वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. जात होत्या साधारण २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. याहून महत्त्वाचे म्हणजे महागड्या स्कझी आणि फायबर चॅनल डिस्क साध्या साटा डिस्कपेक्षा कमी बदलाव्या लागतात, असे त्या नोंदींत दिसले नाही.

दुसरा अभ्यास गुगलचा होता, १ लाखाहून अधिक साध्या डिस्कचा. बेतशीर उष्णतेचा बिघाडाशी अपेक्षेइतका संबंध त्यांना आढळला नाही, फार वरच्या तापमानात आणि जुन्या डिस्कमध्ये मात्र तो दिसला. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांना ‘स्मार्ट’ म्हणतात. पहिली स्कॅन एरर दिसल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता निरोगी डिस्कच्या ३९ पट होते, हा त्या अभ्यासातला निष्कर्ष वाचताना धसका बसतो. पण त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी आधी कसलीच कुरकुर केलेली नव्हती. स्मार्टची नोंद वाईट असेल, तर डिस्क लगेच बदलावी. नोंद चांगली असेल, तर त्यावरून निश्चिंत होता येत नाही.

सोललेल्या डिस्कवर उभ्या राहिलेल्या बॅकब्लेझने २०१३ च्या डिसेंबरात स्वतःचेच आकडे उघडे केले. एक डिस्क वर्षभर चालली, की एक डिस्क-वर्ष. साध्या डिस्क: १४,७१९ डिस्क-वर्षे, ६१३ बिघाड, म्हणजे वर्षाला ४.२ टक्के. एन्टरप्राइज: ३६८ डिस्क-वर्षे, १७ बिघाड, ४.६ टक्के. हे आकडे इंटरनेटवर गाजले आणि ‘एन्टरप्राइज म्हणजे फसवणूक’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो उतावीळ आहे. १७ बिघाड ही संख्या तोकडी आहे आणि त्या एन्टरप्राइज डिस्क कंपनीच्या वेगळ्या यंत्रणांत, वेगळ्या बोजाखाली चालत होत्या. पण एवढे नक्की म्हणता येते की शिक्क्यामुळे बिघाड निम्म्यावर येतात, असा पुरावा या नोंदींत नाही.

मॉडेल-मॉडेलमधला फरक मात्र थरकाप उडवणारा निघाला. २०१२ पासून बॅकब्लेझने सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलच्या ४,८२९ डिस्क बसवल्या. काही खोक्यांतून सोललेल्या, बाकी सुट्या घेतलेल्या. मार्च २०१५ अखेर त्यांतल्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढ्या कामावर उरल्या होत्या. हिताचीच्या ३ टीबीच्या डिस्क तशाच पेट्यांत वर्षानुवर्षे शांतपणे चालत राहिल्या. त्याही साध्याच होत्या. घरी डिस्क घेणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट सरळ आहे: एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन डिस्कवर सगळी मदार ठेवू नये. मॉडेल वाईट निघाले, तर दोन्ही एकाच हंगामात जातील.

पुढे हीच कंपनी बहुतांशी एन्टरप्राइज डिस्क घेऊ लागली, कारण मोठ्या क्षमता त्याच जातीत मिळतात आणि घाऊक भावात फरक फारसा उरत नाही. २०२४ च्या अखेरीस त्यांच्याकडे सुमारे ३ लाख डिस्क होत्या आणि वर्षाला निकामी होण्याचे प्रमाण १.५७ टक्के होते. काळजी घेणाऱ्या हातांत, थंड खोलीत, अखंड विजेवर चालूनही १०० मागे दीड डिस्क.

बिघाडापेक्षा वेगळा, पण घरच्या खरेदीत सतत आडवा येणारा एक प्रश्न लेखनपद्धतीचा आहे. क्षमता वाढवण्यासाठी उत्पादकांनी चकतीवरच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवून लिहायला सुरुवात केली. छपरावर मंगलोरी कौले बसवतात तसे. मधले कौल बदलायचे, तर वरची ओळ आधी उचलावी लागते. इथेही मधली एक रेघ बदलायला पुढचा पट्टाच नव्याने लिहावा लागतो. या पद्धतीला एसएमआर म्हणतात आणि एकमेकींना न झाकणाऱ्या जुन्या पद्धतीला सीएमआर. एकदा लिहून ठेवलेल्या फोटोंच्या साठ्याला एसएमआर चालते. सतत पुसणे-लिहिणे असेल, तर डिस्क मध्येच गोगलगाय होते.

हे गिऱ्हाइकाला सांगितले असते, तर तक्रार नव्हती. एप्रिल २०२० मध्ये उघड झाले की खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआरच्या आहेत आणि माहितीपत्रकात तसा उल्लेखच नाही. एका चाचणीत गटातली बिघडलेली डिस्क बदलून डेटा पुन्हा बसवायला सीएमआर डिस्कना १७ तासांच्या आत वेळ लागला, या डिस्कला ९ दिवसांहून अधिक. हे ९ दिवस म्हणजे ज्या काळात दुसरी डिस्क गेली, तर सगळेच जाऊ शकते, असे ९ दिवस. ओरड झाली, अमेरिकेत खटले झाले, कंपनीला याद्या जाहीर कराव्या लागल्या आणि सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढाव्या लागल्या. खिशातल्या मोठ्या क्षमतेच्या एक्स्टर्नल डिस्क तर बहुतेक एसएमआरच असतात. आजही घेण्याआधी मॉडेल क्रमांक टाकून ती डिस्क सीएमआर की एसएमआर, हे पाहावे. एन्टरप्राइज शिक्क्याचा घरच्या माणसाला होणारा एक खरा फायदा इथेच आहे. साटा सांध्याच्या, दुकानात मिळणाऱ्या एन्टरप्राइज डिस्क जवळजवळ सगळ्या सीएमआर असतात.

आपल्याकडच्या घरांना वीज आणि ऊन या दोन गोष्टी अमेरिकेतल्या शीत खोल्यांपेक्षा निराळ्या आहेत. टेबलावरच्या एक्स्टर्नल डिस्कचे पोट अडॅप्टरवर अवलंबून असते. कॉपी चालू असताना वीज गेली की ती त्याच क्षणी विझते, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल किंवा बिघडलेली फाइल सिस्टिम मागे राहते. खिशातली डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर जगते, म्हणून भारनियमनाच्या गावात तीच अधिक सोयीची. मोठी डिस्क घ्यायची, तर तिच्यासोबत लहानसा यूपीएस धरूनच हिशोब करावा.

उन्हाचे गणितही असेच. १० टीबी भरायला सेकंदाला २०० एमबी वेग धरला, तरी सुमारे १४ तास लागतात. पंखा नसलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात ही डिस्क तापत जाते. टेबलावरच्या अनेक मॉडेलांच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेचे कमाल तापमान ३५ अंश दिलेले असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बंद खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मोठी कॉपी रात्री लावावी, खोक्यावर पंख्याचा झोत सोडावा. कोकणात पावसाळ्यात डिस्क कपाटात ठेवताना सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे चांगले, सांध्यांवर बुरशी आणि गंज चढायला वेळ लागत नाही.

मग घ्यावे काय? ज्या घरात संगणक एक, साठा १ ते ४ टीबी आणि काम फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे जपण्याचे आहे, तिथे एका एन्टरप्राइज डिस्कच्या पैशात वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन साध्या एक्स्टर्नल डिस्क घेणे निःसंशय शहाणपणाचे. वर्षाला एक डिस्क जाण्याची शक्यता शेकडा २ ते ४ धरली, तर वेगळ्या जागी ठेवलेल्या दोन्ही एकाच वेळी जाण्याची शक्यता त्यापुढे नगण्य होते. सर्वांत महाग डिस्कही एकटी असताना हा आकडा गाठू शकत नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग याने फोटो सांभाळण्याच्या आपल्या पुस्तकात रूढ केलेला ३-२-१ चा नियम हाच हिशोब मांडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पुण्यात राहणाऱ्याची एक डिस्क सांगलीच्या घरी, दर दिवाळीला अदलाबदल, असे सहज जमते. चोरी, आग आणि खिडकीतून घुसणारे पुराचे पाणी एकाच घरातल्या दोन डिस्कमध्ये फरक करत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या घरांनी हे पाणी पाहिले आहे.

जिथे नॅसची पेटी चोवीस तास चालू आहे, घरातले चौघे तिच्यावर काम करतात, टीव्हीवर तिच्यातूनच चित्रपट पाहतात, तिथे साध्या डिस्क किंवा खोक्यातून सोललेल्या डिस्क घालू नयेत. तिथे नॅस जातीची डिस्क पुरेशी असते. १२-१६ टीबीच्या पुढे गेल्यावर मात्र एन्टरप्राइज डिस्क पुष्कळदा नॅस डिस्कच्या भावात, कधी त्याहूनही स्वस्त मिळते आणि ५ वर्षांची वॉरंटी असते, तेव्हा ती खुशाल घ्यावी. दिवाणखान्यात ठेवणाऱ्याने आवाजाचा विचार आधी करावा. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची ही डिस्क हेड हलवताना खडखडते आणि लाकडी कपाटात तो आवाज दुणावतो. आणखी एक खबरदारी: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोल्डर गटातल्या सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जातो, खंडणीखोर व्हायरसही सगळ्या एकदम कुलूपबंद करतो. नॅसच्या बाजूला एक्स्टर्नल डिस्क लागतेच. म्हणून खरे तर ‘हे की ते’ असा प्रश्न फार थोड्या घरांत येतो.

स्वस्त एन्टरप्राइज डिस्कच्या जाहिराती पाहून हात शिवशिवतात, त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. डेटा सेंटरमधून निघालेल्या, काही वर्षे वापरलेल्या डिस्क निम्म्या भावात मिळतात. त्यांतल्या अनेकांना सॅस सांधा असतो. तो साटासारखाच दिसतो, पण मधली खाच भरलेली असते. घरच्या संगणकाच्या साटा केबलला ती डिस्क जुळत नाही, वेगळे कार्ड लागते. साटा असली, तरी ती नवी की जुनी, हे ओळखणे अवघड झाले आहे. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनाने दाखवून दिले की सीगेटच्या एक्सॉस या एन्टरप्राइज मालिकेतल्या डिस्क युरोपातल्या दुकानांतून नव्या म्हणून विकल्या जात आहेत, पण त्या हजारो तास चाललेल्या आहेत. स्मार्टमधला तासांचा आकडा पुसून शून्यावर आणलेला होता. चोरी पकडली गेली ती सीगेटच्या डिस्कमध्ये असणाऱ्या ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीमुळे, कारण तिच्यातले तास तसेच राहिले होते. माग चीनमधल्या चिया या कूटचलनाच्या खाणींपर्यंत गेला. २०२१ मध्ये डिस्कवरची रिकामी जागा वापरून चालणाऱ्या या चलनासाठी लोकांनी डिस्कचे डोंगर रचले होते आणि धंदा बसल्यावर ते बाजारात ओतले गेले.

स्मार्टमॉनटूल्स या फुकट प्रणालीची नवी आवृत्ती ही फार्म नोंद घरच्या संगणकावर वाचून दाखवते. डिस्क घरी आली की आधी ती वाचावी, स्मार्टमधल्या तासांशी ताडून पाहावी. मग सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कोणाच्या नावे आणि कोणत्या देशासाठी आहे, ते पाहावे. मोठ्या यंत्रणा विकणाऱ्या कंपन्यांना दिलेल्या डिस्कवर किरकोळ गिऱ्हाइकाला वॉरंटी मिळत नाही आणि परदेशातून आणलेल्या डिस्कची वॉरंटी इथे चालेलच असे नाही. त्यानंतर डिस्क काठोकाठ भरून पुन्हा पूर्ण वाचावी आणि स्मार्टमधल्या ५, १९७ आणि १९८ या ओळींतले आकडे शून्यच आहेत ना, ते बघावे. तिथे १ जरी दिसला, तरी दुकानदाराच्या बदलून देण्याच्या मुदतीत डिस्क परत करावी. त्यासाठी बिलावर सीरियल नंबर लिहून घेतलेला असावा लागतो आणि तो लिहून मागायची वेळ पैसे देण्याआधीची असते.